रावळगाव २७ कोटींना विकलं गेलं, पण कांदिवलीच्या गल्ल्यावरची गोळी नेमकी कुणी पळवली?

कांदिवली वेस्टला स्टेशनबाहेर पडून एस. व्ही. रोडला लागा, नाहीतर ईस्टला आकुर्ली रोडनं लोखंडवालाच्या दिशेनं चालत सुटा. थोड्या थोड्या अंतरावर किराणा, जनरल स्टोअर्स, पानाची टपरी लागतेच. काही वर्षांपूर्वी यातल्या कुठल्याही दुकानाच्या गल्ल्यावर प्लॅस्टिकच्या बरण्यांची रांग असायची. ऑरेंजच्या गोळ्या, किस्मी, मेलडी, मँगो बाईट, कॉफीची गोळी, पानाच्या चवीची गोळी. आता त्या जागी पेमेंटचा क्यूआर कोड, मोबाईल कव्हर आणि गिफ्ट कार्डाचा स्टँड दिसतो. बरण्या आहेत, पण दोन किंवा तीन. त्यातली एक बहुतेक कैरीच्या चवीची.

मग बाकीच्या बरण्या गेल्या कुठं?

यावर सोशल मीडियावर अधूनमधून एक पोस्ट फिरत असते. तुम्हीही वाचली असेल, कदाचित फॉरवर्डही केली असेल. पोस्टचं म्हणणं असं की गोळ्यांचा धंदा यूपीआयनं बसवला. पूर्वी ४८ रुपयांचं सामान घेतलं की दुकानदार काका ‘सुट्टे नाहीत’ म्हणत दोन गोळ्या हातावर ठेवायचे. २०१६ ला यूपीआय आलं, नोटाबंदीनं त्याला धक्का दिला, कोविडनं उरलंसुरलं काम केलं. आता आपण ४८ चे ४८ च पाठवतो. सुट्ट्यांचा प्रश्न मिटला, गोळीही गेली.

थिअरी भारी आहे, ऐकायला गोडही आहे. पण ती अर्धीच खरी आहे. उरलेलं अर्ध समजून घ्यायचं तर कांदिवलीतून दोन्ही दिशांना जायला लागतं. एकदा चर्चगेटकडं तोंड करून सहा स्टेशनं, आणि एकदा नाशिक जिल्ह्यात मालेगावपर्यंत.

आधी सहा स्टेशनं. कांदिवलीहून स्लो लोकल पकडली की सहावं स्टेशन विलेपार्ले. इथं १९२९ मध्ये मोहनलाल दयाल चौहान यांनी कारखाना टाकला, त्याचं नाव गावावरूनच पडलं, पारले. पारले म्हटलं की आपल्याला बिस्कीट आठवतं, पण सुरुवात बिस्किटानं झाली नव्हती. आधी गोळ्या बनल्या, ऑरेंजच्या. बिस्किटं त्यानंतर दहाएक वर्षांनी आली. म्हणजे मुंबईच्या उपनगरांना गोळीची सवय लावणारा कारखाना पश्चिम रेल्वेच्या रुळांना लागूनच होता. लोकलच्या दारात उभं राहून पार्ल्याचा तो वास घेतलेली पिढी अजून कांदिवली-बोरिवलीत राहते. २०१६ मध्ये पार्ल्यातलं उत्पादन बंद झालं. कंपनी मात्र टिकली, वाढली, कारण तिच्याकडं बिस्किटाचा डोंगर होता. गोळी तोट्यात गेली तरी कंपनी बुडणार नव्हती.

दुसरी दिशा रावळगावची. हे गाव मालेगाव तालुक्यात. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये इथं उसाची शेती आणि साखर कारखाना उभा केला. जहाजं, विमानं, मोटारी अशा सगळ्यात हात घातलेला हा माणूस. साखर घरचीच होती, मग १९४२ मध्ये गोळ्या बनवायला सुरुवात झाली. पुढची कित्येक दशकं महाराष्ट्रात ‘रावळगाव’ हा कंपनीचा शब्द राहिलाच नाही, तो वस्तूचा शब्द झाला. झेरॉक्ससारखा. पोरं दुकानात जाऊन ‘दोन रावळगाव द्या’ असं म्हणायची. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक, टुटी फ्रुटी ही सगळी याच घरातली लेकरं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये बातमी आली. रिलायन्स कन्झ्युमर प्रॉडक्ट्सनं रावळगावच्या गोळ्यांचे ट्रेडमार्क, रेसिपी आणि बौद्धिक संपदेचे सगळे हक्क २७ कोटी रुपयांना घेतले. ऐंशीहून जास्त वर्षं जुनं नाव, २७ कोटींना. दक्षिण मुंबईत समुद्र दिसणारा एखादा मोठा फ्लॅट याच्यापेक्षा महाग जातो.

आता महत्त्वाची गोष्ट. विक्रीच्या वेळी कंपनीनं शेअर बाजाराला जे कळवलं, त्यात धंदा का जमेना याची कारणं होती. संघटित आणि असंघटित अशा दोन्हीकडच्या स्पर्धेत बाजारातला हिस्सा घटला. कच्चा माल, वीज-इंधन आणि मजुरी महागली. आणि हे सगळं महागत असताना गोळीची किंमत वाढवता येईना. सुट्ट्या पैशांचा, यूपीआयचा त्यात मुद्दा नव्हता.

शेवटचं कारण पुन्हा वाचा. किंमत वाढवता येईना. गोळीच्या धंद्याची सगळी मेख इथंच आहे.

साधा हिशोब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण गणित खरं आहे. ४ ग्रॅमची एक गोळी, किंमत १ रुपया. साखर ४० रुपये किलो धरली तर एका ग्रॅमला ४ पैसे पडतात. गोळीत सगळी साखरच आहे असं धरलं तर १६ पैशांची साखर. उरलेल्या ८४ पैशांत ग्लुकोज, फ्लेवर, रॅपर, बरणी, वीज, कामगार, ट्रक, डिस्ट्रिब्युटर, दुकानदार आणि सरकारचा जीएसटी, सगळ्यांचं भागवायचं. त्यातून कंपनीच्या हाती उरतात ते थोडे पैसे. इथं पैसे म्हणजे खरोखरचे पैसे, रुपये नाहीत.

साखर ४५ झाली तर गोळीमागं २ पैसे वाढले. ऐकायला काहीच नाही. पण कंपनीला गोळीमागं सुटतच असतील ५ पैसे, तर जवळपास निम्मा नफा गेला. बिस्किटवाला पुड्याचा भाव १० चे ११ करू शकतो. हॉटेलवाला वडापाव १५ चा १८ करतो, आपण कुरकुरत घेतो. गोळीवाला १ रुपयाचे १ रुपया २ पैसे करू शकत नाही, कारण तसं नाणंच नाही. पुढची पायरी थेट २ रुपये, म्हणजे एका रात्रीत शंभर टक्के भाववाढ.

मग गोळीवाले काय करतात? गोळी बारीक करतात. लहानपणी गाल फुगवणारी गोळी आता दाताखाली दोन मिनिटांत संपते असं वाटत असेल, तर तो फक्त वयाचा भास नसावा. पण वजन कमी करायलाही मर्यादा आहे. एका टप्प्यानंतर लोक म्हणतात, ही काय गोळी आहे का साबुदाणा.

या धंद्यात खरी उलथापालथ दोनदा झाली, आणि दोन्ही वेळा विषय नाण्यांचाच होता. पहिली ३० जून २०११ नंतर. त्या दिवसापासून २५ पैशांचं नाणं अधिकृतपणे चलनातून गेलं. चार आण्याची गोळी संपली, आठ आण्याची उरली. आठ आणे आजही कायद्यानं चालतात, पण कांदिवलीत रिक्षावाल्याला देऊन बघा तो काय म्हणतो. थोडक्यात, काही वर्षांत आठ आण्याची गोळीही टेकीला आली.

दुसरी २०१५ मध्ये. रजनीगंधा आणि कॅच मसालेवाल्या डीएस ग्रुपनं पल्स नावाची गोळी काढली. बाकीचे ५० पैशांत अडकलेले असताना यांनी थेट १ रुपया लावला. पण बदल्यात दोन गोष्टी दिल्या. वजन ४ ग्रॅम, म्हणजे ५० पैशांच्या नेहमीच्या गोळीपेक्षा बरंच जास्त. आणि कैरीच्या चवीच्या गोळीच्या पोटात मीठ-मसाल्याची पूड. शाळेच्या गेटवर कैरीच्या फोडीला तिखटमीठ लावून देणारी बाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे, तीच चव रॅपरमध्ये बंद केली. मोठी जाहिरात नाही. लोकांनीच सोशल मीडियावर बोलबाला केला. आठ महिन्यांत १०० कोटींचा धंदा झाला. दुकानदारांना बरण्या पुरेनात.

इथं यूपीआयवाली थिअरी लंगडी पडते. पल्सची वाढ आणि यूपीआयची वाढ एकाच काळातली. लोक सुट्टे घेईनासे झाले, तरी ही गोळी मात्र मागून घेत होते. माझं मत असं की यूपीआयनं गोळी मारली नाही, यूपीआयनं ‘न मागता मिळणारी’ गोळी मारली. जी गोळी फक्त सुट्ट्यांऐवजी खपत होती, तिचा गिऱ्हाईक मुळात आपण नव्हतोच, दुकानदार होता. तो तिला नाणं म्हणून विकत घेत होता. नाण्याची गरज संपली तशी त्याची खरेदी थांबली. जी गोळी लोक नावानं मागतात ती बरणी गल्ल्यावर राहिली, बाकीच्या मागच्या फळीवर गेल्या. रावळगावचं दुर्दैव असं की नाव सगळ्यांना पाठ होतं, पण मागणारा वयानं मोठा झाला होता आणि त्याला डायबेटिसची गोळी चालू होती.

आता जरा कारखान्यात डोकावू, कारण महागाईचा एक धागा असा आहे जो कुठल्याच व्हायरल पोस्टमध्ये नसतो.

कडक गोळी बनते दोन मुख्य गोष्टींतून, साखर आणि लिक्विड ग्लुकोज. नुसत्या साखरेचा पाक आटवला तर तो पुन्हा खडे धरतो, खडीसाखर होते. ग्लुकोज घातला की पाक काचेसारखा गुळगुळीत जमतो. हे मिश्रण साधारण दीडशे अंशांपर्यंत तापवतात, पाणी दोन-तीन टक्क्यांवर आणतात, मग रंग, आंबटपणा आणि फ्लेवर घालून दोरीसारखं ओढून साच्यातून काढतात. पाणी इतकं कमी असल्यामुळं गोळी महिनोन्‌महिने टिकते. आणि याच कारणानं जुलैमध्ये कांदिवलीच्या दमट हवेत बरणीचं झाकण उघडं राहिलं की गोळी रॅपरला चिकटून बसते. हवेतलं पाणी ती ओढून घेते.

साखर येते उसातून. लिक्विड ग्लुकोज भारतात बहुतेक करून मक्याच्या स्टार्चपासून बनतो. आणि गेल्या काही वर्षांत ऊस आणि मका या दोन्हींना एकच नवा गिऱ्हाईक मिळाला, पेट्रोलची टाकी. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं सरकारनं ठरवलं. आधी उसापासून इथेनॉल जोरात सुरू झालं. पाऊस कमी पडल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली, मग सगळा भार मक्यावर गेला. वर्षानुवर्षं मका निर्यात करणारा भारत २०२४ मध्ये मका आयात करायला लागला. मक्याचे भाव वर गेले. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ही चांगली बातमी, मराठवाडा-खानदेशात मक्याचा पेरा वाढला तो उगाच नाही. पण गोळीवाल्याचे दोन्ही कच्चे माल आता पेट्रोल पंपाशी स्पर्धेत उतरले. पंपवाला भाव वाढवू शकतो. गोळीवाला अजून त्याच १ रुपयावर उभा आहे.

चॉकलेटचं दुखणं वेगळं. आपण मराठीत गोळीलाही चॉकलेट म्हणतो, ‘वाढदिवसाची चॉकलेटं वाट’ म्हणतो आणि वाटतो एक्लेअर. सरकार मात्र असं म्हणत नाही. जीएसटीच्या पुस्तकात कोको नसलेली मिठाई-गोळी १७०४ या कोडखाली, कोको असलेली १८०६ खाली. व्हाइट चॉकलेटला नावात चॉकलेट असूनही ते १७०४ मध्येच, म्हणजे गोळ्यांच्या पंगतीत.

कोकोचा खेळ आफ्रिकेत चालतो. आयव्हरी कोस्ट आणि घाना हे दोन देश मिळून जगाचा निम्म्याहून जास्त कोको पिकवतात. तिथं सलग हंगाम बिघडले, झाडांना रोग लागला. २०२२ मध्ये टनाला अडीच हजार डॉलरच्या आसपास असलेला कोको डिसेंबर २०२४ मध्ये १२ हजार डॉलरच्या वर गेला. नंतर उतरला.

याचा फटका मोठ्या कंपन्यांना बसला तसा ठाकूर व्हिलेज आणि महावीर नगरच्या सोसायट्यांनाही बसला. कारण दिवाळी-राखीला घरी चॉकलेट बनवून विकणाऱ्या बायका या पट्ट्यात घराघरांत आहेत. त्यांचा कच्चा माल म्हणजे क्रॉफर्ड मार्केटमधून किंवा जवळच्या बेकरी सामानाच्या दुकानातून आणलेली कंपाउंडची लादी. कंपाउंड म्हणजे काय? चॉकलेटमध्ये जिथं कोको बटर हवं तिथं वनस्पती तेलाचं फॅट. हे वापरायला सोपं, लगेच सेट होतं, मुंबईच्या उकाड्यात हातात वितळत नाही. खरं कोको बटर साधारण ३४ अंशांलाच वितळतं, आणि मे महिन्यात कांदिवलीतल्या वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात तेवढं तापमान सहज होतं. कंपाउंडमध्येही कोको पावडर असतेच, त्यामुळं कोको भडकला की लादीही महागते. पण घरगुती विक्रेतीची अडचण गोळीवाल्याइतकी नाही. तिच्या बॉक्सवर छापील १ रुपया नसतो. २५० चा बॉक्स ३०० चा झाला तर शेजारणी म्हणतात ‘अगं, किती महाग’, आणि घेतात.

तुमच्या हातातलं चॉकलेट खरं की कंपाउंड हे बघायचं असेल तर मागची घटकांची यादी वाचा. कोको बटरऐवजी ‘व्हेजिटेबल फॅट’ आधी लिहिलेलं दिसलं की समजून जा. वाईट आहे असं नाही, पण भाव त्या हिशोबानं द्यावा.

आता कर. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा चॉकलेटवर २८ टक्के होते, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते १८ झाले. साखर उकळून केलेल्या कडक गोळीवर आधी १८ आणि जानेवारी २०१८ पासून १२. आणि त्याच १७०४ मध्ये बत्तासे, रेवडी, शेंगदाण्याची चिक्की, तिळाची चिक्की यांवर फक्त ५. म्हणजे लोणावळ्याची चिक्की ५ टक्क्यांत, पार्ल्याची किस्मी १८ मध्ये. दोन्हीत साखर, दोन्ही पोरांनाच आवडणाऱ्या. एक ‘आपली’, दुसरी ‘कारखान्याची’, एवढाच फरक. हा भेद २२ सप्टेंबर २०२५ ला मिटला. चॉकलेट, टॉफी, कडक गोळी, सगळंच ५ टक्क्यांवर आलं.

मग १ रुपयाची गोळी स्वस्त झाली का? गणित करा. १२ टक्के कर धरून १ रुपयाला पडणारी कडक गोळी ५ टक्क्यांत ९४ पैशांना पडायला हवी. १८ वाली टॉफी ८९ पैशांना. पण ९४ पैसे देणार कसे? आणि इथं गंमत बघा. ज्या यूपीआयवर गोळी मारल्याचा आळ आहे, तिथं निदान रक्कम पैशांत टाकता येते. अर्थात एका गोळीसाठी मोबाईल काढून ९४ पैशांचा क्यूआर स्कॅन करणारा माणूस कांदिवली स्टेशनवर सकाळी साडेआठला तरी दिसणार नाही. त्यामुळं टिकाऊ मार्ग एकच, किंमत तीच ठेवून वजन वाढवणं. ४ ग्रॅमच्या कडक गोळीत पाव ग्रॅमच्या आसपास भर. जिभेला कळणार नाही, पण रॅपरवर छापलेलं असतं.

दरम्यान विकण्याची जागाच बदलली. रघुलीला मॉलमध्ये आपण गोळी सुटी घेत नाही, पाकीट घेतो. ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्टवर तर एक गोळी मागवायची सोयच नाही, ५० किंवा १०० रुपयांचा पाऊच. कंपन्यांना हेच हवं आहे. पाऊचवर किंमत ५० ची ५५ करता येते. नाण्याच्या पिंजऱ्यातून सुटायचा हा रस्ता आहे. मोठे खेळाडू जुन्या नावांच्या मागं लागलेत तेही यासाठीच. रिलायन्सनं रावळगावच्या आधी हैदराबादची लोटस चॉकलेट घेतली, डीएस ग्रुपनं २०२३ मध्ये लव्हइट हा चॉकलेटचा ब्रँड घेतला. चव आणि आठवण तयार मिळते, दुकानांचं जाळं यांच्याकडं आहेच.

शाळेबाहेरचा बाजारही आकसला. २०२० च्या एफएसएसएआयच्या नियमांनुसार जास्त साखर, मीठ, फॅट असलेले पदार्थ शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत विकायला बंदी आहे. समतानगर, चारकोप, दहाणूकरवाडी कुठंही शाळा सुटताना उभं राहून हा नियम किती पाळला जातो ते तुम्ही स्वतः बघू शकता. १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकच्या काड्यांवर बंदी आली, म्हणून लॉलीपॉपची काडी कागदाची झाली आणि तोंडात भिजून मऊ पडायला लागली. पोरांची तक्रार रास्त आहे.

राहता राहिला रावळगावचा कारखाना. २७ कोटींच्या त्या व्यवहारात जमीन, इमारती, यंत्रं यांपैकी काहीच नव्हतं. ते सगळं जुन्या कंपनीकडंच राहिलं. रिलायन्सकडं गेली ती नावं आणि कागदावरच्या रेसिपी. पान पसंद यापुढं कुठंही बनू शकते, देशातल्या कुठल्याही कारखान्यात. गावाचं नाव रॅपरवर असेल, पण गोळीतली साखर त्या गावच्या उसाची असायची काही गरज उरलेली नाही.